पंच्याहत्तर किलो

आमच्या अख्ख्या भावकीला सव्वा वर्ष माझं वजन तोंडपाठ होतं. कुणाच्या बारशाला गेले, कुणाच्या लग्नात भेटले, की बायका आधी माझ्या चेहऱ्याकडं बघायच्या, मग पोटाकडं, आणि विचारायच्या, आता किती? मी आकडा सांगायचे. सोयाबीनचा भाव पडल्याचं ऐकावं तसा त्या सुस्कारा टाकायच्या. बाईमाणसाला तोंडावर वजन विचारायची आमच्याकडं रीत नाही. माझ्या बाबतीत ती भीड सगळ्यांनी सोडली होती, कारण त्या आकड्यावर माझ्या भावाचा जीव अडकला होता.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. औशाजवळच्या आमच्या गावात शेती करायचा आणि आई त्याच्याजवळ असायची. मी नांदेडला, शहराबाहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बेचाळिसाव्या वर्षी त्याच्या पायांवर सूज आली, जेवण जाईना, आणि लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. ब्लडप्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं होतं आणि या पठ्ठ्यानं ते कधी मोजलंच नव्हतं. आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस सुरू झालं. किडनी द्यायची कुणी? आईला शुगर. भावजयीचा रक्तगट जुळेना. पोरं लहान. उरले मी. माझा गट जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या. तो फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मी आनंदानं रडले, आणि पोरं बिचारी काय झालं म्हणून वर्गातून बघत राहिली.

मग ऑपरेशन करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. त्र्याण्णव किलो, उंची पाच फूट एक इंच. ते म्हणाले, या वजनावर किडनी काढणं तुमच्याच जिवावर बेतेल. पंच्याहत्तरवर या, सहा महिने घ्या. अठरा किलो, सहा महिने, महिन्याला तीन. जिना उतरता उतरता मी हे गणित केलं आणि मला ते सोपं वाटलं.

मी जन्माचीच जाड. शाळेत पोरं रणगाडा म्हणायची, लग्न ठरवताना तीन ठिकाणांहून नकार आला तो याच पायी, आणि आता एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय तर मला सीट मात्र दीड लागते. हे मी स्वतःच आधी बोलून टाकते, म्हणजे दुसऱ्याला बोलायला काही उरत नाही. पण तोवर जाडी हा माझा एकटीचा मामला होता. तिनं दुसऱ्या कुणाचं काही अडलं नव्हतं.

मी जीव तोडून लागले. पहाटे उठून मैदानावर चार फेऱ्या, मग सहा. सकाळी ताक आणि काकडी. दुपारी एक ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, पालेभाजी. संध्याकाळी अर्धी भाकरी. साखर बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, दह्याबरोबरचे धपाटे बंद. शाळेत पोरांना खिचडी वाढण्याआधी शिक्षकानं दोन घास चाखून रजिस्टरवर सही करायची असते. ते कामही मी दुसऱ्या बाईंकडं दिलं, कारण दोन घासांचे चार कधी होतील याचा मला भरवसा नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत सात किलो उतरले. भावाला फोन केला की तो फक्त हसायचा. आकडा त्यानं मला कधी म्हणजे कधीच विचारला नाही.

दिवाळीच्या सुमाराला काटा शहाऐंशीवर येऊन थांबला तो हलेना. मी भाकरी अर्धी केली. काटा तसाच. फेऱ्या आठ केल्या, तर गुडघे बसले. एवढं वजन घेऊन ते रोज कडक जमिनीवर आपटणार, मग काय होणार? गुडघ्यांत पाणी झालं, जिना चढताना कठडा धरावा लागू लागला. हाडाच्या डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं आणि वजन कमी करायलाही सांगितलं. दोन्ही एकाच कागदावर लिहून दिलं. मी तो कागद घेऊन रिक्षात बसले आणि मला इतका राग आला की रिक्षावाल्यावर उगाचच खेकसले.

आईला हे कळलं आणि आईनं उपाय काढला. आई गेल्या वर्षी गेली, म्हणून आता हे लिहिता येतंय.

उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीत एका खेड्यात गुडघ्यांची पुडी मिळते. दर गुरुवारी आमच्या भागातून जीप भरून बायका तिकडं जातात. पुडी देणारा म्हातारा अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतो. माणसाला स्वतः यावं लागतं, तो गुडघे दाबून बघतो आणि महिन्याच्या पुड्या बांधून देतो. सूर्य उगवायच्या आत कोमट पाण्यातून घ्यायची, वांगं आणि आंबट खायचं नाही, आणि सगळ्यांत मोठं पथ्य म्हणजे वाच्यता करायची नाही. पुडी घेतो हे घेणाऱ्यानं आपल्या तोंडानं कुणाला सांगितलं की गुण जातो. आमच्याकडं कावीळ असो, विंचू असो, गावठी औषधाला हा नियम असतोच. लहानपणापासून ऐकलेला, त्यामुळं त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कधी वाटतच नाही.

मला रजा नव्हती. म्हणून आई गेली. सत्तरी ओलांडलेली, स्वतःचे गुडघे वाकडे झालेले. तिनं आपले गुडघे दाखवले, आपल्या नावानं पुड्या घेतल्या आणि त्यातली एकही स्वतः न घेता सगळ्या मला आणून दिल्या. औशाहून लातूर, लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला आली, कमरेच्या पिशवीतून पुड्यांची पुरचुंडी काढली आणि म्हणाली, "घे माय. तू चाललीस तर माझं लेकरू वाचंल."

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. अंधश्रद्धेवरचा तक्ता मी माझ्या हातानं रंगवून वर्गात लावलेला आहे. तरी मी दुसऱ्या दिवशी पहाटे पुडी घेतली. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखायचा थांबला. आठवड्यात मी मैदानाला आठ फेऱ्या मारत होते. खरंच चमत्कार वाटला. आई दर महिन्याला जायची आणि पुड्या पाठवायची किंवा घेऊन यायची.

वजन मात्र उतरेना. सत्त्याऐंशी झालं. मी रात्रीची अर्धी भाकरी सोडली. अठ्ठ्याऐंशी. भूक अशी लागायची की फळ्यावरचं वाक्य अर्धवट सोडून मी खुर्ची गाठायचे. मी काकड्या खाल्ल्या, नुसतं पाणी प्याले, पदराचं टोक तोंडात धरून बसले, पण खाल्लं नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण हे कुणीच मानलं नाही. मी खाल्लं नाही. चेहरा गोल झाला, गालांवर लाली आली, आणि बायका म्हणू लागल्या, तब्येत सुधारली बाईंची. घरात नवराही काटा बघायचा. मी ऑपरेशन टेबलावर जाऊ नये असं त्याला आतून वाटायचं. वजन वाढलं की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल व्हायचा, ते मला दिसायचं, आणि त्या क्षणी मला तो आवडायचा नाही.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, मी गावी गेले. त्या दिवशी आमच्या लातूरकडं गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, केलेली, ज्वारी कमरेच्या वर आलेली, आणि पानात पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यात आंबील. भाऊ कोपीजवळ घोंगडीवर बसलेला. त्याला दिवसाचं पाणी मापून मिळायचं, आंबील तर बंदच होतं. मी एक उंडा आणि थोडी भज्जी घेतली. आम्ही दोघं बहीणभाऊ येळवसेला अर्धपोटी बसलो होतो आणि वीसेक माणसं आमच्याभोवती पोटभर जेवत होती. माझ्या पानाकडं सगळे बघत होते. एक चुलती म्हणाली, इथं कमी खाती, शाळेत खिचडी हाणत असंल. लोक हसले. मीही हसले, कारण ही माझीच सवय.

भावजय हसली नाही. ती भांडी घासायला विहिरीकडं गेली, मी मागून गेले. राखेनं पातेलं घासता घासता, माझ्याकडं न बघता ती बोलली.

"आक्का, द्यायची नसंल तर तसं सांगून टाका. मी दुसरीकडं नाव लावते, वाट बघते. पर असं झुलवत ठिवू नका. शहाऐंशीवरून अठ्ठ्याऐंशी कसं होतं वो, उपाशी माणसाचं?"

तिचा प्रश्न बरोबरच होता, तोच मी रोज काट्याला विचारत होते. मी सांगितलं की मी खरंच खात नाही, आणि बोलता बोलता मलाच ते खोटं वाटलं. पुडीचं मी बोलले नाही. पुडी गुडघ्यांची, तिचा वजनाशी काय संबंध, असंच डोक्यात होतं.

फेब्रुवारीत पुण्याला तपासणी झाली. एकोणनव्वद किलो, आणि जी शुगर आधी नॉर्मल होती ती वाढलेली. डॉक्टरांनी फाईल मिटली. मग रीतसर विचारलं, दुसरी काही औषधं? आयुर्वेदिक, गावठी, काहीही? मी नाही म्हणाले. आता कुणाला सांगितलं तर हसू येईल, पण त्या खुर्चीत बसून माझ्या मनात एवढंच आलं की तोंडातून शब्द गेला, गुण गेला आणि उद्या गुडघे बसले, तर भावाचं काय? विज्ञानाच्या बाईंनी मान हलवून नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही पथ्य पाळत नाही. पाळायची तयारी असेल तर परत या.

त्यानंतर मी एकदा लातूरला डायलिसिसच्या वेळी भावाजवळ बसले होते. मशीनला लावण्याआधी आणि काढल्यावर तिथं पेशंटचं वजन करतात, अंगातलं किती पाणी गेलं ते कळायला. तो म्हणाला, मी चार तासांत तीन किलो उतरतो, आक्का, लाव तुलाबी शेजारी. आम्ही हसलो. त्यानं हात पुढं करून माझा दंड धरला, दंड काडीसारखा झाला होता. मग गालावर बोट दाबलं.

"ही जाडी न्हाई आक्का. ही सूज हाय. मला सूज कळती. तुझं काहीतरी बिघडून राहिलंय, तू आधी स्वतःला दाखीव."

सगळ्या घरादारात तेवढ्या एका माणसाला पटलं होतं की मी खात नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

नांदेडला परतल्यावर डॉक्टर लेनमधल्या एका तरुण डॉक्टरांकडं गेले. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मानेमागची चरबीची गादी पाहिली, पोटावरचे जांभळे वळ पाहिले, आणि काही तपासायच्या आधी विचारलं, "मॅडम, पुडी कुठली घेता?" इतकं सरळ विचारल्यावर माझ्यानं खोटं बोलवेना. मी उरलेल्या पुड्या नेऊन दाखवल्या. असे पेशंट त्यांच्याकडं दर आठवड्याला येत होते. ते म्हणाले, यात स्टेरॉईडच्या गोळ्या कुटून घालतात. दुखणं दोन दिवसांत थांबतं ते त्यामुळं. भूक, चेहरा, पोट, शुगर, सगळं त्याचंच. तुम्ही उपाशी राहून रोज आठ फेऱ्या मारत होता आणि रोज सकाळी हे पोटात घेत होता. आता एकदम बंद केलं तर जिवाला धोका, म्हणून माझ्या औषधानं हळूहळू सोडवावं लागेल. सहा महिने लागतील, जास्तही. शुगर परत खाली येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. मी किडनीचं विचारलं. त्यांनी पुड्या उचलून बाजूला सारल्या. मग म्हणाले, या वर्षी तरी नाही.

मी भावाला सांगायला लातूरला गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. तो मशीनला लावलेला होता. ऐकून आधी तो हसला, खरंच हसला, म्हणाला, मायनं तुलाबी माझ्या शेजारी लावलं का. मग हसायचा थांबला. तेव्हाच त्यानं माझ्याकडं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. किडनी त्यानं कधी मागितली नव्हती, ती मीच देऊ केली होती.

"मायला कळू देऊ नको. हिलाबी सांगू नको," तो म्हणाला. ही म्हणजे त्याची बायको. "ती तोंडावर बोलंल. माय मरून जाईल, आक्का."

मी बरं म्हणाले. आईला मी सांगितलं की गुडघे अगदी बरे झाले, आता पुडी नको. आईला कोण आनंद झाला. गुण आला बघ, म्हणाली. ती जीप अजूनही दर गुरुवारी भरून जाते. मी आजवर त्या बायकांना जाऊन काही सांगितलेलं नाही, आणि त्याबद्दल मला कुणी माफ करावं असं मला वाटत नाही.

पुडी सुटत गेली तसे गुडघे पहिल्यापेक्षा वाईट बसले. चालणं थांबलं, आणि भावजयीला जे वाटत होतं त्यावर शिक्कामोर्तब झालं. तिनं फोन घेणं सोडलं. तिनं नाव दुसरीकडं, मेलेल्या माणसांच्या किडनीसाठी असलेल्या यादीत, लावलं होतं, पण यादी लांब होती. पोळ्याच्या चार दिवस आधी भावाला थंडी वाजून ताप आला. डायलिसिसची नळी घातलेल्या जागेतून जंतू रक्तात गेले होते. तीन दिवस तो लातूरच्या आयसीयूत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो गेला. मी पोचले तेव्हा त्याला गाडीत घातलेलं होतं.

तेराव्यापर्यंत मी गावी राहिले. भेटायला येणाऱ्या बायका भावजयीजवळ बसायच्या आणि मी जिथं असेन तिथं बघून आवाज खाली करायच्या. एकदा भावजय आवाज खाली न करता बोलली, की ज्याला बहिणीच्या तोंडाची चव नडली त्याला देव काय करणार. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले. माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांकडून आल्या दिवशीच मी त्याला सांगितलं होतं. तो उठून काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडं नुसतं बघितलं तेव्हा तो बाहेर निघून गेला. माझा जीव तेव्हा जळत होता. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं बदललं असतं. ते वाक्य रोज माझ्या तोंडात यायचं, आणि समोर भिंतीला टेकून बसलेली आई दिसायची.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी नांदेडला निघाले. नवरा गाडीत बसला होता. आईनं मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला माझ्याजवळ बसली. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. तेरा दिवसांत तिनं मला काही विचारलं नव्हतं. आता अगदी हळू आवाजात विचारलं.

"एक इच्यारते माय, खरं सांग. मी कुणाला सांगायची न्हाई. तू चोरून खाल्लंस का?"

मी तिच्याकडं बघितलं. ती रागात नव्हती. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. दर महिन्याला ती वाकड्या गुडघ्यांनी जीपमध्ये बसली होती, आणि तरी हे कसं झालं, याचं काहीतरी उत्तर तिला हवं होतं. उत्तरं दोनच होती. त्यातलं एक घेऊन ती जगू शकली असती.

"हाव," मी म्हणाले. "खाल्लं."

"काय खाल्लंस?"

याचा मी विचार केला नव्हता. सव्वा वर्ष मी काही खाल्लंच नव्हतं, त्यामुळं काय सांगावं ते पटकन सुचेना. मग जे जे खावंसं वाटलं होतं ते सांगत गेले. धपाटे. शाळेतली खिचडी. दिवाळीतले लाडू. येळवसेची खीर. आई एकेक ऐकून मान हलवत होती.

सगळं सांगून झाल्यावर तिनं माझा हात सोडला आणि विचारलं, "मग, भरलं का पोट?"

"हाव माय," मी म्हणाले. "भरलं."